खिळे आणि सुईदोरा : वॉल्ट व्हिटमन व एमिली डिकिन्सन

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी कवितेचा विषय निघाला, की वॉल्ट व्हिटमन आणि एमिली डिकिन्सन ही दोन नावे जोडीने घेतली जातात आणि लगेच दोन टोकांना ठेवली जातात. तो रस्त्यावरचा, ती घरातली. त्याची ओळ पानभर पसरणारी, तिची चार-सहा शब्दांत संपणारी. तो दाढीवाला, उघड्या गळ्याचा, साऱ्या जगाला कवेत घेऊ पाहणारा. ती पांढऱ्या कपड्यांतली, पाहुण्यांना टाळणारी. हे चित्र खोटे नाही, पण त्याचा फारसा उपयोगही नाही. माणसाच्या स्वभावावरून त्याची शैली ठरत असती, तर मितभाषी कवीने दीर्घकाव्य लिहिलेच नसते आणि बडबड्या कवीला दोन ओळींत थांबता आले नसते. दोन्ही प्रकारचे कवी आपण मराठीतही पाहिले आहेत.

या दोघांमधला मूळ फरक मला दुसरीकडे दिसतो. तो आहे छापखान्याशी असलेल्या त्यांच्या नात्यात. व्हिटमन छापखान्यात घडला आणि त्याने कविता छापील पानासाठी रचली. डिकिन्सनने कविता हाताने लिहिली, हाताने शिवली आणि छापील पानाला ज्या गोष्टी लागतात, त्यांतल्या बहुतेक तिने दिल्याच नाहीत. लांबी, विरामचिन्हे, यमक, शीर्षक, इतकेच काय, पण कविता 'पूर्ण झाली' म्हणजे काय, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे या एका फरकाच्या अंगाने शोधली तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

हे मला सुचले त्यात पांडित्याचा भाग नाही. इंग्रजी साहित्याचे शिक्षण मी वर्गात बसून घेतलेले नाही. बारावीनंतर काही वर्षे मी एका छापखान्यात खिळे जुळवले. ऑफसेट आले आणि ते काम संपले. पण कवितेची ओळ जुळवताना हाताला जे कळते, ते डोळ्यांना एरवी कळत नाही. गद्य जुळवताना ओळ स्टिकच्या रुंदीपर्यंत भरायची आणि पुढच्या ओळीवर जायचे. ओळ कुठे तुटते याला अर्थ नसतो. पद्यात ओळ कवीने तोडलेली असते, आणि उरलेली जागा कोऱ्या खिळ्यांनी भरून काढावी लागते. म्हणजे जुळाऱ्याच्या लेखी मोकळी जागा हीही एक वस्तूच असते. ती उचलून बसवावी लागते.

व्हिटमनच्या हाताला हे पोरवयापासून ठाऊक होते. ३१ मे १८१९ रोजी लाँग आयलंडवर जन्मलेल्या या सुताराच्या मुलाची शाळा अकराव्या वर्षाच्या सुमारास सुटली आणि बाराव्या वर्षी तो 'लाँग आयलंड पॅट्रियट' या वृत्तपत्राच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. पुढे त्याने खेड्यांतून मास्तरकी केली, स्वतःचे साप्ताहिक काढले, १८४६ ते १८४८ 'ब्रुकलिन डेली ईगल'चे संपादन केले, मग घरे बांधण्याच्या धंद्यात हात घातला. या काळात त्याने लिहिलेल्या कविता आणि कथा वाचल्या, तर पुढे काय होणार आहे याचा पत्ता लागत नाही. त्या त्या काळच्या कोणत्याही अमेरिकी मासिकात खपून जातील अशा आहेत.

मग १८५५ च्या जुलैमध्ये 'लीव्ज ऑफ ग्रास' आले. ब्रुकलिनमधल्या रोम बंधूंच्या छोट्या छापखान्यात ते छापले गेले. प्रती ७९५. खर्च कवीचा, आणि काही पानांची जुळणीही कवीनेच केलेली. हिरव्या कापडी बांधणीवरची सोनेरी अक्षरे अशी काढली होती, की त्यांना मुळे आणि पाने फुटली आहेत. आतल्या मुखपृष्ठावर कवीचे नावच नव्हते. समोर एक चित्र होते, कमरेवर हात ठेवून उभा असलेला, टोपी तिरकी घातलेला कामगार. नाव येते ते थेट पहिल्या कवितेच्या पोटात. बारा कविता होत्या आणि एकीलाही स्वतःचे वेगळे शीर्षक नव्हते. आज 'साँग ऑफ मायसेल्फ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कवितेला ते नाव मिळायला १८८१ उजाडले.

पुस्तकाचे पान मोठे होते. रोम बंधूंचे नेहमीचे काम कायदेशीर कागदपत्रांचे छापील नमुने काढण्याचे होते, आणि त्यासाठी बाळगलेल्या मोठ्या कागदामुळेच पुस्तकाला तो आकार आला असावा, असे काही अभ्यासक मानतात. मला हे पटते. व्हिटमनची ओळ लांब आहे. ती साध्या कवितासंग्रहाच्या पानात मावत नाही, मोडते आणि उरलेला भाग खाली आत सरकवून बसवावा लागतो. मोठ्या पानावर ती ऐसपैस बसते. पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, त्याने दुसरी आवृत्ती काढली ती खिशात मावेल एवढी, बत्तीस कवितांची. कविता त्याच, पण ओळी जागोजागी मोडलेल्या. दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहिली की पहिल्या पुस्तकात ओळीला श्वास घ्यायला जागा होती हे दिसते.

या ओळीत वृत्त नाही, यमक नाही. मग ती गद्य का वाटत नाही? तिची लय अक्षरांच्या मोजणीत नसून वाक्याच्या पुनरावृत्तीत आहे. पाच, दहा, कधी वीस ओळी एकाच शब्दाने सुरू होतात. प्रत्येक ओळ अर्थाने पूर्ण असते. वाक्य सहसा एका ओळीतून पुढच्या ओळीत सांडत नाही. ही रीत त्याने इंग्रजी बायबलातून घेतली: एक विधान करायचे, मग तेच थोडे फिरवून पुन्हा म्हणायचे. त्यात सभेतल्या वक्तृत्वाची भर पडली आणि इटालियन ऑपेराचीही. गायिका मारिएट्टा आल्बोनी न्यूयॉर्कला गात होती त्या दिवसांत तिच्या कार्यक्रमांना तो वेड्यासारखा जात असे.

आणि याद्या. सुतार, नावाडी, वेडाच्या इस्पितळाकडे नेला जाणारा रुग्ण, लिलावात उभी केलेली गुलाम मुलगी, छापखान्यातला जुळारी, अध्यक्ष आणि त्यांचे मंत्री: एकामागून एक, प्रत्येकाला एक ओळ. या याद्या कंटाळवाण्या वाटतात अशी तक्रार त्याच्या हयातीतही होती आणि ती पूर्णपणे चुकीची नाही. नंतरच्या काही कवितांत तर भूगोलाचे पुस्तक उघडून नावे उतरवल्यासारखे वाटते. पण १८५५ च्या पुस्तकात या याद्यांना धार आहे, कारण त्यांच्या क्रमात एक विचार आहे. अध्यक्षाला जेवढी जागा तेवढीच वेश्येला, आणि दोघे एकमेकांच्या शेजारी. गुलामगिरीच्या प्रश्नावर देश फुटायच्या बेतात असताना ही समानता व्याख्यानात सांगणे वेगळे आणि ओळींच्या मांडणीतून दाखवणे वेगळे.

आपल्याकडे व्हिटमनवर लिहिताना वेदान्त फार लवकर येतो. त्याला कारण आहे. १८५६ मध्ये थोरो त्याला भेटायला गेला, तेव्हा या पुस्तकात पौर्वात्य ग्रंथांसारखे काही आहे असे सांगून ते तू वाचले आहेस का, असे त्याने विचारले. व्हिटमनने नाही म्हटले आणि उलट त्यालाच त्यांबद्दल विचारले. सुएझचा कालवा खुला झाल्यावर त्याने हिंदुस्थानच्या वाटेवर एक दीर्घ कविताही लिहिली. पण उपनिषदांकडे बोट दाखवून त्याची ओळ अशी का, हे कळत नाही. त्यासाठी ब्रुकलिनच्या त्या छापखान्यातच जावे लागते.

छापखान्याने त्याला जाहिरातही शिकवली. इमर्सनने २१ जुलै १८५५ रोजी त्याला अभिनंदनाचे खासगी पत्र लिहिले. व्हिटमनने ते परवानगी न घेता 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मध्ये छापू दिले आणि दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर त्यातले एक वाक्य इमर्सनच्या नावासह सोनेरी अक्षरांत उमटवले. आपल्याच पुस्तकाची निनावी परीक्षणे लिहून ती छापवून आणली. याचा कुणाला राग येईल, कुणाला हसू. छापलेला शब्द लोकांपर्यंत कसा जातो हे वृत्तपत्राच्या कचेरीत शिकलेला माणूस असाच वागणार, असे मला वाटते.

आता अ‍ॅमहर्स्टकडे वळू. मॅसॅच्युसेट्समधल्या या लहान गावात १० डिसेंबर १८३० रोजी एमिली डिकिन्सन जन्मली. वडील एडवर्ड वकील, तिथल्या कॉलेजचे खजिनदार आणि काही काळ अमेरिकी काँग्रेसचे सदस्य. घर मोठे, बाग मोठी, ग्रंथसंग्रह चांगला. शिक्षण त्या काळच्या मुलीला मिळत असे त्याहून बरेच जास्त: गावातली अ‍ॅकॅडमी, मग माउंट होल्योक येथे एक वर्ष. शाळकरी वयात तिने वाळवलेल्या फुला-पानांचा जो संग्रह केला, त्यात चारशेवर नमुने आहेत आणि बहुतेकांखाली लॅटिन नावे लिहिली आहेत. हा संग्रह हार्वर्डला आहे. वस्तू निवडायची, जपून कागदावर बसवायची, जवळच्या वस्तूशी तिचे नाते पाहायचे: पुढे कवितांच्या बाबतीत तिने जे केले त्याची तालीम इथे दिसते.

साधारण १८५८ पासून तिने कविता स्वच्छ अक्षरांत उतरवून काढायला सुरुवात केली. दुकानातून दुमडलेलाच मिळणारा पत्राचा कागद घ्यायचा, शाईने कविता उतरवायच्या, अशा चार-सहा घड्या एकावर एक ठेवायच्या, कडेला दोन भोके पाडायची आणि दोरा ओवून गाठ मारायची. अशा चाळीस वह्या तिने १८६४ पर्यंत केल्या. त्यांत आठशेहून अधिक कविता आहेत. त्यांवर शीर्षक नाही, पानांना आकडे नाहीत, अनुक्रमणिका नाही. पुढे शिवणे थांबले, लिहिणे चालूच राहिले. शेवटच्या वर्षांतल्या कविता तर फाडलेल्या लिफाफ्यांच्या आतल्या बाजूला, बिलांच्या पाठीवर अशा मिळाल्या आहेत. एकूण कविता सुमारे अठराशे. तिच्या हयातीत छापल्या गेलेल्या सुमारे दहा, सगळ्या निनावी.

म्हणजे तिने कविता दडवून ठेवल्या का? हा समज दूर झाला पाहिजे. शेजारच्याच घरात राहणारी भावजय सुझन हिला तिने सुमारे अडीचशे कविता पाठवल्या. मित्रांना, नातलगांना पत्रांतून पाठवल्या त्या वेगळ्या. फुलांबरोबर, केकबरोबर कविता जाई. वाचक होते, ते तिने निवडलेले होते आणि प्रत्येकाला कविता तिच्या हस्ताक्षरात मिळे. तिला नको होते ते छापणे.

या दोन जगांमध्ये एक माणूस उभा आहे: थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन. पूर्वाश्रमीचा धर्मोपदेशक, गुलामगिरीचा कट्टर विरोधक, लेखक. पुढे कृष्णवर्णीय सैनिकांच्या एका पलटणीचा कर्नल. एप्रिल १८६२ च्या 'अटलांटिक मंथली'त त्याने नव्या लेखकांना उद्देशून सल्ल्याचा लेख लिहिला. १५ एप्रिलला डिकिन्सनने त्याला पत्र लिहून चार कविता पाठवल्या आणि या कवितांत जीव आहे का, असे विचारले. पत्राखाली सही नव्हती. नाव वेगळ्या छोट्या पाकिटात, एका कार्डावर. त्याने उत्तरात बहुधा व्हिटमनचे नाव काढले असावे, कारण पुढच्या पत्रात ती कळवते, की त्याचे पुस्तक आपण वाचलेले नाही, ते लाजिरवाणे असल्याचे ऐकले आहे. दोघांचा परस्परांशी आलेला संबंध एवढाच. व्हिटमनला तर तिचे नाव ठाऊक असल्याचा काही पुरावा नाही.

गंमत अशी, की हिगिन्सनला दोघांचीही शैली पटली नव्हती. व्हिटमनने ते पुस्तक लिहिले याबद्दल त्याला दोष नाही, लिहून जाळले नाही याबद्दल आहे, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे. डिकिन्सनला त्याने छापण्याची घाई करू नका असे सुचवले. तिने त्याला आयुष्यभर गुरू म्हटले, सुमारे शंभर कविता पाठवल्या आणि त्याचा एकही सल्ला मानला नाही. एकाच सुशिक्षित, उदारमतवादी वाचकाला दोन दिशांनी आलेली ही दोन प्रकारची कविता सारखीच बेशिस्त वाटली. बेशिस्तीची जात मात्र वेगळी होती.

व्हिटमनने वृत्त सोडले. डिकिन्सनने सोडले नाही. तिने लहानपणापासून कानात बसलेले वृत्त घेतले, आणि तेही चर्चमधल्या स्तोत्राचे. आठ अक्षरे, सहा अक्षरे, पुन्हा आठ, पुन्हा सहा. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचे यमक. आयझॅक वॉट्सची स्तोत्रे न्यू इंग्लंडच्या घराघरांत याच मापात गायली जात. आपल्याकडे अभंगाचा साचा जसा न शिकता तोंडात बसतो, तसाच हा. म्हणजे दोघेही चर्चच्याच कोठारातून सामान घेऊन गेले. त्याने बायबलच्या गद्याची पुनरावृत्ती उचलली आणि तिने देहाचे गुणगान केले. तिने प्रार्थनेची चाल उचलली आणि तीत शंका भरली. माउंट होल्योकला असताना मुलींनी श्रद्धेची जाहीर कबुली द्यावी असा आग्रह असे. तिने ती दिली नव्हती. देव ऐकतो का, मेल्यावर काय उरते, दुःखाचा शेवट कुठे होतो, हे प्रश्न उपदेशाच्या चालीवर बांधले की ती चालच संशयास्पद होऊन जाते. अभंगाच्या चालीत कुणी विठ्ठलाला, तू आहेस तरी का, असे ओळीओळीला विचारत राहिले तर ऐकणाऱ्याचे जे होईल, तसे काहीसे.

त्यात यमक. कान पूर्ण यमकाची वाट पाहत असतो आणि ती अर्धेच देते. मराठीत सांगायचे तर 'काठ' ला 'गाठ' जुळायला हवे तिथे 'पेठ' येतो: शेवटचे व्यंजन तेच, स्वर बदललेला. हिगिन्सनच्या पिढीला हे कवीचे अज्ञान वाटले. पण जिथे कविता सांत्वनाकडे जाते आहे असे वाटते आणि जात नाही, तिथेच हे अर्धे यमक बहुधा येते. इतक्या वेळा अज्ञान बरोबर त्याच जागी येत नसते.

आणि रेघा. स्वल्पविराम, पूर्णविराम यांच्या जागी तिने आडव्या रेघा मारल्या आहेत. हस्तलिखितात पाहिले तर काही लांब, काही टिंबाएवढ्या, काही वर चढणाऱ्या, काही खाली उतरणाऱ्या. जुळाऱ्याच्या केसमध्ये अशा रेघेचे दोन किंवा तीन खिळे असतात, सगळे सरळ. ती छापायला घेतली की पहिल्याच क्षणी तिचा कल हरवतो. मराठीत विरामचिन्हे रुजवल्याचे श्रेय मेजर कँडींना दिले जाते. त्याआधीच्या आपल्या पोथ्यांत दंडाखेरीज फारसे काही नसे आणि वाचणारा आपल्या श्वासाने वाक्य तोडी. त्या रेघांकडे मी तसाच पाहतो: वाचणाऱ्याने थांबायचे, किती ते त्याने ठरवायचे.

छापील विरामचिन्हाबद्दल ती किती काटेकोर होती याचा एक पुरावा आहे. १४ फेब्रुवारी १८६६ रोजी 'स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन'ने तिची सापावरची कविता छापली. वृत्तपत्राने वर शीर्षक चढवले आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी विरामचिन्ह टाकले. तिने हिगिन्सनला तक्रार लिहिली, की कविता आपल्याकडून काढून घेण्यात आली आणि तिसरी-चौथी ओळ एकच असताना त्या चिन्हाने त्या तोडल्या. एका चिन्हाची ही तक्रार वाचल्यावर, छापण्याबद्दलची तिची नाखुशी केवळ लाजाळूपणातून आली होती असे म्हणवत नाही. व्हिटमन स्वतः केसपाशी उभा राहून आपले विरामचिन्ह बसवू शकत होता. १८५५ च्या पुस्तकात ओळीच्या मध्ये त्याने चार-चार टिंबे पेरली आहेत, कुणाच्याही परवानगीशिवाय. तिला ती सोय नव्हती. तिच्या आणि छापील पानाच्या मध्ये नेहमी दुसऱ्याचा हात असणार होता.

विषयांचा फरकही याच्याशी जोडलेला आहे, विशेषतः मृत्यूच्या बाबतीत. यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चालले. डिसेंबर १८६२ मध्ये भाऊ जॉर्ज जखमी झाल्याचे कळून व्हिटमन फ्रेडरिक्सबर्गला गेला, भाऊ किरकोळ जखमेवर बचावला होता, पण व्हिटमन माघारी न जाता वॉशिंग्टनच्या लष्करी इस्पितळांत जाऊ लागला. संत्री, तंबाखू, कागद, तिकिटे घेऊन जायचा. ज्यांना लिहिता येत नसे किंवा ज्यांचे हात गेले होते त्यांच्या घरी पत्रे लिहायचा. त्याच्या स्वतःच्या हिशेबाने सहाशेवर खेपा झाल्या. या अनुभवाने त्याच्या याद्या आखूड झाल्या. 'ड्रम-टॅप्स' मधल्या छोट्या कवितांत एक खाट, एक चेहरा, एक जखम एवढेच असते, आणि मला हा व्हिटमन सर्वांत जास्त आवडतो.

युद्धाची तीच वर्षे डिकिन्सनच्या सर्वाधिक लेखनाची आहेत. मार्च १८६२ मध्ये अ‍ॅमहर्स्ट कॉलेजच्या अध्यक्षांचा मुलगा फ्रेझर स्टर्न्स लढाईत मारला गेला आणि गाव हादरले. तिचा भाऊ ऑस्टिन कित्येक दिवस सुन्न होता, हे तिच्या पत्रांत आहे. तरी तिच्या कवितेत रणभूमी जवळजवळ नाही. आहे ते मरण येतानाचे शेवटचे काही क्षण: खोलीतली शांतता, जमलेली माणसे, एखादी माशी. व्हिटमनला मेलेल्यांची संख्या दिसते आणि ती संख्या एकेका माणसात कशी फोडायची हा त्याचा प्रश्न असतो. तिला एकच मरण दिसते, आणि ते आतून पाहता येईल का, हा तिचा. १८६४ च्या आरंभी जखमी सैनिकांच्या मदतीसाठी भरलेल्या एका जत्रेच्या 'ड्रम बीट' या पत्रात तिच्या तीन कविता निनावी आल्या. ते पत्र निघत होते ब्रुकलिनमधून, व्हिटमनच्या गावातून.

१५ मे १८८६ रोजी ती गेली. बहीण लव्हिनियाला पेटीत वह्या सापडल्या. त्या छापायचे काम मेबल लूमिस टॉड आणि तोच हिगिन्सन यांच्याकडे आले, आणि नोव्हेंबर १८९० मध्ये बॉस्टनहून 'पोएम्स' निघाले. पुस्तक इतके खपले, की दोन वर्षांत अकरा वेळा छापावे लागले. संपादकांनी शीर्षके दिली, रेघांच्या जागी स्वल्पविराम आणि अर्धविराम घातले, अर्धी यमके काही ठिकाणी शब्द बदलून पूर्ण केली, कविता 'जीवन', 'प्रेम', 'निसर्ग' अशा खणांत वाटल्या. त्यांना दुष्ट ठरवण्यात अर्थ नाही. टॉडबाईंनी ते अवघड हस्ताक्षर लावून शेकडो कविता टंकलिखित केल्या नसत्या तर आज आपल्याला या कवयित्रीचे नावही माहीत नसते. पण त्या कामात वह्यांचे दोरे सुटले. कविता जशा तिने लिहिल्या तशा एकत्र छापल्या गेल्या त्या १९५५ मध्ये, थॉमस जॉन्सनच्या तीन खंडांत. व्हिटमनच्या हिरव्या पुस्तकानंतर बरोबर शंभर वर्षांनी. वह्यांचा मूळ क्रम त्याहूनही उशिरा, १९८१ मध्ये, राल्फ फ्रँकलिनने लावला. कागदाची जात, डाग आणि दोऱ्याची भोके एकमेकांशी जुळवून.

व्हिटमनने मात्र स्वतःच आपल्या पुस्तकाला कधी स्वस्थ बसू दिले नाही. १८५५ नंतर १८५६, १८६०, १८६७, १८७१, १८८१ आणि शेवटी १८९१-९२. प्रत्येक वेळी भर, फेररचना, नवी शीर्षके. बाराच्या चारशेच्या आसपास कविता झाल्या. १८८२ मध्ये बॉस्टनच्या सरकारी वकिलाने अश्लीलतेचा मुद्दा काढला, प्रकाशकाने अंग काढून घेतले, कवीने काटछाट नाकारून पुस्तक फिलाडेल्फियाला नेले आणि त्या बोभाट्याने खप वाढला. परंतु सरकारी वकिलाला नकार देणाऱ्या याच कवीने आपल्या १८५५ च्या ओळी हळूहळू नीटनेटक्या केल्या होत्या. ती चार टिंबे गेली, स्वल्पविराम आले. माझे मत असे, की त्याचा सर्वांत चांगला संपादक छत्तीस वर्षांचा व्हिटमन होता आणि सर्वांत वाईट साठीचा.

इथे दोघे अचानक शेजारी येतात. कविता कायमची बंद करायला दोघेही तयार नव्हते. त्याने बदल केला की नवी आवृत्ती निघे आणि जुनी मागे पडे. तिने शब्दाशेजारी छोटी फुली काढली आणि पानाच्या तळाशी दुसरा शब्द लिहिला, कधी तिसरा, कधी चौथा. आणि कोणता खरा हे बहुधा सांगितलेच नाही. खिळ्यांच्या कामात एका जागी एकच शब्द बसतो. दोऱ्याने शिवलेल्या वहीत चार बसतात.

याचा मराठी वाचकाशी रोजचा संबंध आहे, तो असा. डिकिन्सनचे जे पाठ स्वस्तात किंवा फुकट सहज मिळतात, ते पुष्कळदा १८९० च्या दशकातले असतात, कारण त्यांवरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. अनुवाद करणाऱ्याच्या हाती तेच पडण्याचा संभव जास्त. ओळखणे सोपे आहे: कवितेला शीर्षक असेल आणि रेघा नसतील तर ती टॉड-हिगिन्सन यांच्या हातून आलेली आहे. जॉन्सन किंवा फ्रँकलिन यांच्या पाठात कवितेवर फक्त क्रमांक असतो. जॉन्सनने लांब रेघ वापरली आहे, फ्रँकलिनने आखूड. व्हिटमनच्या बाबतीत उलटे आहे. बाजारात मिळणारा जाडजूड ग्रंथ शेवटच्या आवृत्तीवरून घेतलेला असतो. १८५५ चे बारा कवितांचे पुस्तक वेगळे मागावे लागते. माल्कम काउलीने ते १९५९ मध्ये प्रस्तावनेसह पुन्हा छापले, तेव्हापासून ते मिळते. प्रथमच वाचणाऱ्याने तिथून सुरुवात करावी.

डिकिन्सनची हस्तलिखिते कौटुंबिक भांडणामुळे हार्वर्ड आणि अ‍ॅमहर्स्ट कॉलेज अशी वाटली गेली आहेत. २०१३ पासून त्यांची छायाचित्रे संगणकावर एकत्र पाहता येतात. आणि २०१६ मध्ये क्रिस्टन मिलर यांनी वह्यांच्या क्रमाने जी आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात तिचे ते दुसरे, तिसरे शब्द टीपांत न ढकलता कवितेच्या शेजारी समासात छापले आहेत.